ओव्हरक्लॉकच्या आधी दोन आठवडे : एचडब्ल्यूइन्फो, रायझन ५ ३६०० आणि अकोल्याचा एप्रिल

रायझन ५ ३६०० या प्रोसेसरचा वेग पहिल्यांदाच हाताने वाढवण्यापूर्वी (यालाच ओव्हरक्लॉक म्हणतात) मी जवळपास दोन आठवडे केवळ तापमान मोजत होतो, आणि त्या काळात ज्या एका मोफत प्रोग्रॅमवर विसंबून राहिलो, त्या एचडब्ल्यूइन्फोबद्दल हे लिहीत आहे. माझे काम लग्नसमारंभांच्या चित्रफिती संपादित करून देण्याचे आहे. अडीच तासांची एक फिल्म हँडब्रेक या प्रोग्रॅममध्ये एच-२६५ स्वरूपात दाबायला (फाइल लहान करायला) घेतली की प्रोसेसरचे सहाही कोअर, म्हणजे आतले काम करणारे भाग, शंभर मिनिटे पूर्ण ताकदीने चालतात, आणि लग्नसराईत अशा चार-पाच फिल्म रांगेत उभ्या असतात. नवा प्रोसेसर घेण्याइतके पैसे हाताशी नव्हते. आहे त्याच्याकडून थोडे अधिक काम काढता येईल का, हा प्रश्न होता. आणि अकोल्यात एप्रिल महिन्यात हा प्रश्न विचारायचा, तर आधी तापमानाचाच विचार करावा लागतो.

स्लोव्हाकियातील मार्टिन मालिक यांनी १९९० च्या दशकात डॉस या जुन्या संगणक-प्रणालीसाठी एचडब्ल्यूइन्फो लिहायला घेतला आणि आजही तो नियमितपणे सुधारला जातो. व्यक्तिगत वापरासाठी तो मोफत आहे आणि इन्स्टॉल न करता चालणारी प्रतही मिळते. उघडताना ‘सेन्सर्स ओन्ली’ या चौकटीत खूण केली की संगणकाच्या सुट्या भागांची लांबलचक माहिती बाजूला राहते आणि थेट मोजमापांची खिडकी समोर येते. त्या खिडकीत प्रत्येक ओळीपुढे चार रकाने असतात : आत्ताचा आकडा, किमान, कमाल आणि सरासरी. नवखा माणूस पहिल्या रकान्याकडे डोळे लावून बसतो. मीही बसलो होतो. खरे काम मात्र शेवटच्या दोन रकान्यांचे आहे, आणि चाचणी सुरू करण्याआधी खालचे घड्याळाचे बटण दाबून ते कोरे केले नाहीत, तर तासाभरापूर्वीचा कमाल आकडा नव्या चाचणीच्या नावावर जमा होतो.

खिडकी उघडल्यावर पहिली अडचण येते ती ओळींच्या संख्येची. माझ्या संगणकावर शंभराहून अधिक ओळी दिसतात आणि त्यांतल्या किमान पाच-सहा ओळी प्रोसेसरचे तापमान सांगत असल्यासारख्या वाटतात. त्यांपैकी ओव्हरक्लॉकसाठी महत्त्वाची ओळ ‘सीपीयू टीसीटीएल/टीडाय’ या नावाची. या जोडनावामागे एक इतिहास आहे. २०१७ मध्ये आलेल्या रायझन ७ १८०० एक्स आणि १७०० एक्स या प्रोसेसरांमध्ये पंख्याचे नियंत्रण सर्व मॉडेलांवर एकसारखे राहावे म्हणून टीसीटीएल हा आकडा खऱ्या तापमानापेक्षा मुद्दाम २० अंशांनी वाढवून दाखवला जात असे, आणि टीडाय हे चिपचे खरे तापमान होते. त्या काळी कित्येकांनी हा वाढीव आकडा खरा मानून विनाकारण कूलर (प्रोसेसरवर बसवलेला धातू आणि पंखा) बदलले. ३६०० मध्ये असा फरक ठेवलेला नाही, त्यामुळे दोन्ही नावे एकाच ओळीत आली आहेत आणि रायझन बनवणाऱ्या एएमडीने या प्रोसेसरला दिलेली ९५ अंशांची मर्यादा याच ओळीशी ताडून पाहायची आहे.

मदरबोर्डच्या विभागातही ‘सीपीयू’ नावाची एक ओळ असते, पण ती बोर्डावरच्या वेगळ्या चिपकडून येते आणि लोड (कामाचा ताण) अचानक वाढला की मागे रेंगाळते. त्याच विभागात ‘ऑक्सटिन’ नावाच्या ओळीत शंभराच्या वरचा एक आकडा दिवसभर न हलता बसलेला पाहून मी पहिल्या दिवशी संगणक घाईघाईने बंद केला होता. तो सेन्सर कशालाही जोडलेलाच नव्हता. जो आकडा लोड वाढल्याने वाढत नाही आणि लोड गेल्यावर उतरत नाही, तो तापमान सांगत नसतो. अशा ओळीवर उजवे बटण दाबून ती लपवून टाकावी, म्हणजे पुन्हा छाती धडधडण्याचे कारण उरत नाही.

दुसरी घाबरवणारी गोष्ट म्हणजे संगणक रिकामा असताना होणाऱ्या उड्या. काहीही चालू नसताना माझा आकडा ४४ वरून ५८ वर आणि पुन्हा ४६ वर असा नाचत असे. ३६०० मधील सहाही कोअर सुमारे ७४ चौरस मिलिमीटरच्या एका छोट्या तुकड्यावर आहेत, आणि हा तुकडा धातूच्या झाकणाखाली मधोमध नसून एका बाजूला आहे. एखादा कोअर क्षणभरासाठी ४.२ गिगाहर्ट्झवर गेला तरी एवढ्याशा जागेतील उष्णता लगेच आकड्यात उतरते. शिवाय तापमान विचारणारा प्रोग्रॅमच झोपलेल्या कोअरना पुन्हा पुन्हा उठवत असतो. एचडब्ल्यूइन्फो दर दोन सेकंदांनी विचारणा करतो. हौसेने तो कालावधी कमी केला की रिकाम्या संगणकाचे तापमान वाढलेले दिसते आणि दोष उगाच कूलरवर जातो. सेटिंगमधील ‘स्नॅपशॉट सीपीयू पोलिंग’ हा पर्याय सुरू ठेवल्यास ही लुडबुड कमी होते. तापमान दाखवणारे दोन प्रोग्रॅम एकाच वेळी चालवणेही टाळावे, कारण दोघेही एकाच चिपकडे चौकशी करतात आणि मध्येच भलते आकडे उमटतात.

आता खोलीच्या तापमानाविषयी, कारण प्रोग्रॅम ते सांगत नाही आणि त्याशिवाय त्याच्या कुठल्याही आकड्याला अर्थ नाही. हवेवर चालणारा कूलर प्रोसेसरला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. तो फक्त दोहोंमधले अंतर कमी ठेवतो. त्यामुळे लिहून ठेवायची गोष्ट म्हणजे प्रोसेसरचे तापमान उणे खोलीचे तापमान. मी एक साधा डिजिटल तापमापक कॅबिनेटच्या पुढच्या जाळीपासून वीतभर अंतरावर, हवा आत ओढली जाते तिथे, टांगून ठेवला. (आमच्याकडे ‘कूलर’ म्हटले की खसाच्या ताट्या आणि पाण्याची टाकीच डोळ्यांसमोर येते, त्यामुळे ‘कूलर बदलला’ असे सांगितल्यावर घरी पहिला प्रश्न ‘मग जुना विकला का?’ हा आला.) तो खसाचा कूलर चालू असताना माझी खोली एप्रिलच्या दुपारी ३३ अंशांवर राहते आणि वीज गेली की तासाभरात ३८ वर पोहोचते. म्हणजे ज्याने डिसेंबरमध्ये २२ अंशांच्या खोलीत चाचणी केली आणि ७५ आले म्हणून समाधान मानले, त्याच्याकडे मे महिन्यात नव्वदी गाठण्याची पूर्ण तयारी आहे, फक्त त्याला ते ठाऊक नाही. ओल्या हवेचा झोत थेट कॅबिनेटवर येऊ देऊ नये, हेही ओघात सांगून ठेवतो.

लोड कुठला द्यायचा, यावर मी बराच वेळ घालवला. सिनेबेंच आर-२३ ची दहा मिनिटांची चाचणी सोयीची आहे आणि गुण देते, त्यामुळे सुधारणा झाली की नाही हे कळते. पण दहा मिनिटांत कॅबिनेटमधली हवा पुरती तापत नाही. माझ्या कॅबिनेटमध्ये आकडा स्थिर व्हायला पंचवीस मिनिटे लागतात. प्राइम-९५ मधील ‘स्मॉल एफएफटी’ ही चाचणी प्रोसेसरला सर्वांत जास्त पिळून काढते, मात्र तिच्यात एक फसगत आहे. मूळ सेटिंगवर ३६०० ला पीपीटी नावाची, वीज खाण्यावरची ८८ वॉटची मर्यादा असते. प्राइम-९५ सुरू झाल्यावर प्रोसेसर ती मर्यादा गाठतो आणि स्वतःच वेग खाली आणतो, त्यामुळे तापमान आवाक्यात दिसते. गुणक (प्रोसेसरचा वेग ठरवणारा आकडा) हाताने ठरवून दिला की ही मर्यादा लागू राहत नाही. मग तोच प्राइम-९५ शंभर वॉटच्या पुढे मुसंडी मारतो, आणि ‘मूळ वेगावर तर सगळे ठीक होते’ हा आधार त्याच क्षणी निसटतो. एचडब्ल्यूइन्फोमध्ये पीपीटीची ओळ वॉटमध्येही असते आणि मर्यादेच्या टक्क्यांमध्येही असते; तापमानाच्या ओळीइतकेच लक्ष तिच्यावर ठेवणे भाग आहे. शेवटी मी माझ्याच हँडब्रेकच्या कामाला चाचणी मानले आणि प्राइम-९५ फक्त शेवटच्या पडताळणीसाठी राखून ठेवला.

पहिल्या नोंदीने माझी झोप उडवली. कूलर प्रोसेसरसोबत आलेला रेथ स्टेल्थ, खोली ३३ अंश, हँडब्रेक सुरू. आणि कमाल तापमान ९५. ‘थर्मल थ्रॉटलिंग एचटीसी’ (फार तापल्याने प्रोसेसरने स्वतःच वेग कमी करणे) या ओळीपुढे ‘नो’ ऐवजी ‘येस’ उमटले होते आणि वेग ३.७ गिगाहर्ट्झपर्यंत घसरला होता. अर्थात वेग वाढवण्याची गोष्ट दूरच राहिली, जो वेग विकत घेतला होता तोच पूर्ण मिळत नव्हता, आणि हे किती महिने चालले होते कुणास ठाऊक. ज्या दुकानातून संगणक जोडून घेतला होता तिथे फोन केला, तर पलीकडून उत्तर आले, “भाऊ, अकोला आहे हे. नव्वद-पंच्याण्णव तर राहीनच.”

उत्तर पटण्यासारखे होते, पण आलेख पटू देत नव्हता. एचडब्ल्यूइन्फोमध्ये कुठल्याही ओळीवर दोनदा टिचकी मारली की त्या आकड्याचा आलेख उघडतो, आणि खालचे नोंदीचे बटण दाबले तर दर दोन सेकंदांचे सगळे आकडे एका फाइलमध्ये साठत जातात व ती फाइल एक्सेलमध्ये उघडता येते. माझ्या फाइलमध्ये लोड सुरू होताच दहा सेकंदांच्या आत तापमान ५० वरून ८८ वर गेलेले होते. खोली गरम असेल किंवा कॅबिनेटमधली हवा कोंडली असेल, तर तापमान हळूहळू, मिनिटांच्या हिशेबाने चढते, कारण आधी धातू आणि मग हवा तापावी लागते. पहिल्या दहा सेकंदांतली उभी चढण सांगते की उष्णता प्रोसेसरच्या झाकणावरून कूलरच्या धातूत उतरतच नाही. दोष हवामानात नसून त्या दोन पृष्ठभागांच्या मध्ये कुठेतरी होता. या प्रोग्रॅमचे मोल मला त्या संध्याकाळी कळले.

रेथ स्टेल्थ स्प्रिंग लावलेल्या चार स्क्रूंनी बसतो. त्यातला एक, रॅमच्या बाजूचा, स्क्रूड्रायव्हर लावताच दीड वेढा सहज फिरला. तो कधी पूर्ण आवळलाच गेला नव्हता. नुसता आवळून भागले नसते, कारण एका बाजूची पेस्ट (प्रोसेसरची उष्णता कूलरकडे नेणारा लेप) वाळून खडूसारखी झाली असणार, म्हणून कूलर काढायचे ठरवले. इथे एक सावधगिरी महत्त्वाची आहे. एएम-४ सॉकेटमध्ये (मदरबोर्डवरची प्रोसेसर बसवण्याची जागा) प्रोसेसरच्या पिना प्रोसेसरलाच असतात आणि थंड, वाळलेल्या पेस्टमुळे कूलर वर ओढताच प्रोसेसरही खटका बंद असतानाच उपटून येऊ शकतो. म्हणून मी दहा मिनिटे लोड देऊन पेस्ट मऊ होऊ दिली, संगणक बंद करून प्लग काढला, आणि कूलर वर न ओढता आधी डावी-उजवीकडे हलकेच पिळला. ‘चप्’ असा ओला आवाज होऊन तो सुटला, तेव्हा कुठे श्वास सोडला. आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोन्ही पृष्ठभाग पुसले, वाटाण्याएवढी नवी पेस्ट लावली आणि स्क्रू खाटेची दोरी ताणतात तसे तिरपे-समोरासमोरचे, थोडे थोडे करून आवळले. त्याच खोलीत, त्याच फाइलवर, कमाल तापमान ८४ आले आणि वेग ३.९५ गिगाहर्ट्झवर टिकला.

म्हणजे खोली आणि प्रोसेसर यांतील अंतर ५१ अंश. आता ओव्हरक्लॉकचा हिशेब कागदावर मांडता येत होता. प्रोसेसर खात असलेली वीज ढोबळमानाने वेगाच्या आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, आणि अंतर विजेच्या प्रमाणात वाढते. मूळ सेटिंगवर पूर्ण लोडखाली व्होल्टेज १.२ च्या आसपास होते. हे पाहताना बोर्डाच्या ‘व्हीकोअर’पेक्षा ‘एसव्हीआय-२ टीएफएन’ असे लिहिलेली ओळ विश्वासार्ह मानावी. ४.२ गिगाहर्ट्झसाठी १.२७५ व्होल्ट लागतील असे धरले, तर वेगातली वाढ सहा टक्के, पण विजेतली वाढ वीस टक्के. ५१ चे होतात ६१, आणि ३३ अंशांच्या खोलीत ९४. रेथ स्टेल्थवर ओव्हरक्लॉक करू नये, हे मला कुणी सांगावे लागले नाही. सुमारे दोन हजार रुपयांचा, चार उष्णतानलिका आणि १२० मिलिमीटरचा पंखा असलेला टॉवर कूलर आणला. अंतर ३८ वर आले. त्यावर वीस टक्के चढवले की साधारण ४६, म्हणजे ७९ अंश. हा आकडा मी वहीत लिहिला आणि मगच बायोस (मदरबोर्डची सेटिंग बदलण्याचा पडदा) उघडले.

प्रत्यक्षात ८० आले. सहा टक्के वेगासाठी एवढा खटाटोप कशाला, असे कुणी विचारले तर माझ्याकडे फार जोरकस उत्तर नाही. शंभर मिनिटांचे काम चौऱ्याण्णव मिनिटांत होते, आणि त्यापेक्षा मोठा फायदा त्या ढिल्या स्क्रूच्या शोधात झाला. ओव्हरक्लॉकनंतरच्या दिवसांत एचडब्ल्यूइन्फोची सूचना देण्याची सोय मी सर्वाधिक वापरली. एखादी ओळ ठरावीक आकड्याच्या वर गेली की आवाज करण्याची आज्ञा देता येते. मी ती ९० वर लावली आहे. प्राइम-९५ च्या पडताळणीत ती एकदाच वाजली, बाविसाव्या मिनिटाला, आणि मी चाचणी तिथेच थांबवली. माझे काम प्राइम-९५ चालवण्याचे नाही, आणि हँडब्रेकवर रात्रभर चालूनही संगणक एकदाही अडखळला नाही.

तापमान ठीक म्हणजे प्रोसेसर सुरक्षित, असा अर्थ मात्र काढू नये. २०२४ मध्ये इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतील प्रोसेसर अस्थिर होण्याच्या प्रकरणात वाढीव व्होल्टेजचा मुद्दा पुढे आला आणि कंपनीला मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचना) बदलावा लागला; केवळ अंशांवर नजर ठेवणाऱ्याला तिथे वेळीच काही कळले नसते. मर्यादांचे आकडेही प्रोसेसरागणिक वेगळे आहेत. इंटेलच्या बाराव्या पिढीत १२६०० के ची मर्यादा १०० अंश आहे, आणि रायझन ७००० मालिकेतले वरचे प्रोसेसर तर पूर्ण लोडखाली ९५ पर्यंत जाण्यासाठीच घडवले आहेत. माझे आकडे त्यांना लावू नयेत. ओव्हरक्लॉकमुळे झालेले नुकसान एएमडीच्या हमीत बसत नाही, हे लक्षात ठेवूनच बायोसला हात लावावा.

प्रोग्रॅमबद्दलची माझी मुख्य तक्रार त्याच्या परिभाषेविषयी आहे. ओळींची नावे चिप बनवणाऱ्यांच्या भाषेतून जशीच्या तशी आलेली असतात. काहींवर माउस नेला की छोटे स्पष्टीकरण उमटते, पण तेही जाणकारालाच कळेल असे असते. कोअर टेम्प हा प्रोग्रॅम याच्या उलट टोकाचा : मोजके आकडे, सुटसुटीत खिडकी, आणि नवख्याला पहिल्या दिवशी तोच जवळचा वाटेल. पण त्याच्या जोरावर मला स्क्रूपर्यंत पोहोचता आले असते असे वाटत नाही. एएमडीचा स्वतःचा रायझन मास्टर वेग बदलण्यासाठी सोयीचा आहे. त्यातला तापमानाचा आकडा थोडा सावरून, सरासरी काढून आल्यासारखा असतो, म्हणून त्या क्षणिक उड्या तिथे दिसत नाहीत आणि दोन्ही शेजारी ठेवून तुलना करणाऱ्याचा गोंधळ होतो. एचडब्ल्यूइन्फोमध्ये २०२० साली आलेली ‘पॉवर रिपोर्टिंग डेव्हिएशन’ ही ओळ मात्र दुसरीकडे मला सापडली नाही. काही मदरबोर्ड प्रोसेसरला विजेचा आकडा कमी करून सांगतात, म्हणजे तो मर्यादा न ओलांडल्याच्या समजुतीत जास्त वीज खात राहतो. मूळ सेटिंगवर सिनेबेंच चालू असताना ही ओळ शंभर टक्क्यांच्या जवळ असली तर बोर्ड प्रामाणिक आहे. बरीच खाली असली, तर ‘काहीच न बदलता एवढे तापते कसे’ याचे उत्तर तिथेच आहे. माझ्या बोर्डावर ती ९७ च्या आसपास राहते. अर्थात हे मूळ सेटिंगवरच पाहायचे. ओव्हरक्लॉकनंतर त्या ओळीला अर्थ उरत नाही.

बायोसमध्ये मी आता दोन प्रोफाइल साठवली आहेत. ४.२ गिगाहर्ट्झचे जून ते मार्चसाठी, आणि मूळ सेटिंगचे उरलेल्या दोन महिन्यांसाठी. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी वीज गेली, संगणक इन्व्हर्टरवर आणि खसाचा कूलर बंद, खोली ३९ वर. त्या दिवशीच्या फाइलमध्ये कमाल रकान्यात ८६ आहे, आणि त्याच संध्याकाळी मी दुसरे प्रोफाइल लावले.